प्रकृती चांगली आहे

गेल्या ऑक्टोबरात न्यू जर्सीहून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मामेबहिणीची मुलगी, वय सतरा, शाळेचं शेवटचं वर्ष. तिकडे कॉलेजच्या अर्जाबरोबर एक निबंध लिहावा लागतो, जास्तीत जास्त साडेसहाशे शब्दांचा. विषय ठरलेले असतात. त्यांतला एक असा: तुमच्या वाट्याला आलेली एखादी अडचण, धक्का किंवा अपयश सांगा, त्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला आणि त्यातून काय शिकलात ते लिहा. भाचीची अडचण ही की तिला अडचणच सापडत नव्हती. वर्गातल्या एकीच्या आईवडिलांचा घटस्फोट झालेला, एकाला डिस्लेक्सिया, आणि ही बिचारी सुखवस्तू घरातली, भरतनाट्यम शिकणारी. "मावशी, तुझ्या वेळी काय होतं गं? तू तर इंडियात होतीस," ती म्हणाली. जणू तेवढ्याने भागावं.

"लोकलची गर्दी," मी म्हटलं.

"अजून?"

"लोडशेडिंग."

तिने ते खरोखर लिहून घेतलं.

खरं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते मी दहा वर्षांत तीन-चार माणसांपलीकडे कुणाला दिलेलं नव्हतं. २०१५ च्या जूनमध्ये मी इंजिनिअरिंगचा अर्ज भरला तेव्हा माझा टीबीचा कोर्स संपायला महिना बाकी होता. कागदपत्रांत वैद्यकीय प्रमाणपत्र लागायचं. आमच्या डॉक्टरांनी सही-शिक्का करून दिलेल्या त्या कागदावर माझी प्रकृती चांगली असल्याचं लिहिलं होतं. हे वाक्य मला पुढे एका फार जुन्या अर्जात जसंच्या तसं भेटलं आणि तेव्हापासून तो अर्ज डोक्यातून जात नाही. हा लेख त्या अर्जाबद्दल आहे. माझ्याबद्दल लागेल तेवढंच लिहीन.

मी कल्याणची. कल्याणच्या मुलीला आनंदीबाई जोशी चुकवता येत नाहीत. वक्तृत्व स्पर्धेत पाचवीपासून कुणी ना कुणी आनंदीबाई होतंच, आणि मीही एकदा नऊवारी नेसून झाले होते. भाषण पाठ असायचं: कल्याणच्या जोशी घराण्यातली यमू, नवव्या वर्षी लग्न, नवरा बिजवर आणि वयाने बराच मोठा, चौदाव्या वर्षी मूल झालं आणि दहा दिवसांत गेलं, मग निर्धार, मग अमेरिका, मग पहिली महिला डॉक्टर, मग टाळ्या. श्री. ज. जोशींची कादंबरी घरी होती. २०१९ मध्ये सिनेमा आला तो मी आईबरोबर पाहायला गेले. मध्यंतरानंतर आई बाहेर जाऊन बसली आणि आत आलीच नाही. घरी येताना दोघींपैकी कुणीही त्याबद्दल बोललं नाही.

तर तो अर्ज. २८ जून १८८३ ची तारीख, गाव रोझेल, न्यू जर्सी. पत्र फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाचे आल्फ्रेड जोन्स यांना लिहिलेलं आहे. त्या कॉलेजची कागदपत्रं आज ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत आणि हे पत्र स्कॅन करून ठेवलेलं आहे, घरबसल्या बघता येतं. लिहिणारी अठरा वर्षांची. (मी तिला 'ती' म्हणणार आहे. अर्ज करताना ती माझ्याएवढीच होती. 'त्या' म्हटलं की पुतळा होतो.)

पण या अर्जाआधी एक अर्ज होऊन गेला होता आणि तो तिने लिहिलेला नव्हता. १८७८ मध्ये गोपाळराव जोशींनी, म्हणजे तिच्या पोस्टात कारकून असलेल्या नवऱ्याने, कोल्हापूरहून रॉयल वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोला शिकवायचं आहे, अमेरिकेत आपल्याला काही काम मिळेल का, अशी त्यात विचारणा होती. वाइल्डरांनी उत्तर दिलं, पण जाहीर. प्रिन्स्टनहून ते एक मिशनरी नियतकालिक चालवत, त्यात गोपाळरावांचं पत्र आणि आपलं उत्तर दोन्ही छापून टाकलं. उत्तराचा मथितार्थ असा की आधी ख्रिस्ती व्हा. नकार छापून येणं म्हणजे काय, हे ज्यांच्या नावाची यादी कधी नोटीस बोर्डावर लागली नाही त्यांना कळेल.

मात्र दोन वर्षांनी, १८८० मध्ये, रोझेलच्या थिओडोशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या असताना तो जुना अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी ते पत्र वाचलं आणि थेट हिंदुस्थानात पत्र पाठवलं. पुढची तीन वर्षं आनंदीबाईचा आणि त्यांचा पत्रव्यवहार चालला. ती त्यांना मावशी म्हणू लागली. दवाखान्याच्या बाहेर शिळी मासिकं ठेवण्याच्या पद्धतीचे जगावर काय उपकार आहेत, यावर कुणीतरी वेगळं लिहायला हवं.

या तीन वर्षांत गोपाळरावांच्या बदल्या चालूच होत्या. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, मग थेट बंगाल: कलकत्ता, बराकपूर, सेरामपूर. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा, नवे शेजारी आणि नवऱ्याबरोबर रस्त्याने चालणाऱ्या बाईकडे बघणारे नवे लोक. त्यात तिचं शरीर साथ देईना. कलकत्त्यात डोकेदुखी, बारीक ताप, अशक्तपणा, मधूनच श्वास लागणं. मावशी अमेरिकेतून औषधं पाठवायच्या, गुण काही यायचा नाही. या दुखण्यांना आज मागे वळून 'क्षयाची सुरुवात' म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मी तसं करणार नाही, कारण बारीक ताप आणि अशक्तपणा हजार गोष्टींनी येतो आणि त्या वयाच्या बायकांना तेव्हा तो बहुधा कायमचाच असायचा. पण सेरामपूरच्या घरात बसून अमेरिकेचा बेत आखणारी मुलगी धडधाकट नव्हती, एवढं पक्कं.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूरच्या कॉलेजात तिने इंग्रजीत भाषण केलं. या भाषणाचा घाट मला फार आवडतो, कारण तो अगदी आजच्या 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' या पानासारखा आहे. लोक आपल्याला काय विचारतात ते तिने सहा प्रश्नांत मांडलं. अमेरिकेलाच का? हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का? एकटी का? परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही का? तिथे काही संकट ओढवलं तर? आणि बाईमाणसांपैकी कुणी केलं नाही ते तूच का करतेस?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जितकं कानाआड गेलं तितकं जायला नको होतं. सोय अगदीच नव्हती असं नाही. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात १८७५ पासून बायकांना घेत होते. तिचं म्हणणं, मद्रास सोडलं तर बाकी ठिकाणी सुईणीच्या कामाचे वर्ग आहेत, शिकवणारे जुन्या वळणाचे आहेत, आणि ख्रिस्ती किंवा ब्राह्मो नसलेल्या बाईला रस्त्यावरून जाता-येताना काय सोसावं लागतं ते मी रोज अनुभवते. लोक थांबून बघतात, हसतात, बोलतात. म्हणजे वर्गात जागा असणं आणि वर्गापर्यंत पोचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तिला कळत होतं. एकटी का, याचं उत्तर घरगुती आहे: नवऱ्याच्या पगारावर सासू आणि धाकटी भावंडं आहेत, दोघांनी जायचं तर त्यांनी खायचं काय. जातीबद्दल तिने सांगून टाकलं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. वाइल्डरांच्या उत्तराला पाच वर्षांनी मिळालेलं हे प्रत्युत्तर म्हणायला हरकत नाही.

दागिने विकून पैसे उभे राहिले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, सोबतीला मिशनरी बायका. ४ जूनला ती न्यूयॉर्कला उतरली, मावशी न्यायला आल्या होत्या. आणि चोवीस दिवसांनी तो अर्ज.

पत्र लहानसं आहे. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी पूर्ण करू शकत नाही, असं ती आधी सरळ कबूल करते. पण माझी गोष्ट अपवादात्मक आणि जगावेगळी आहे, तेव्हा तुमची मंडळी माझ्यावर दया करतील, सांभाळून घेतील, अशी आशा व्यक्त करते. त्यानंतर येतं ते वाक्य. माझी प्रकृती चांगली आहे, आणि त्या जोडीला, माझ्या मित्रमंडळींच्या आणि जातीच्या एकजुटीच्या विरोधाला न जुमानता मला तुमच्या देशात घेऊन आला तो निर्धार आहे; एवढ्या भांडवलावर मी ज्यासाठी आले ते काम पुष्कळसं तडीला जायला हरकत नाही. काम कोणतं? माझ्या देशातल्या पिचलेल्या बायकांना खरी वैद्यकीय मदत देणं, जिची त्यांना अतोनात गरज आहे आणि जी पुरुष डॉक्टरच्या हातून घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील.

यातला निर्धाराचा भाग तुम्ही कुठे ना कुठे वाचलेला असतो. लेखांत, पोस्टरवर, आठ मार्चच्या फॉरवर्डमध्ये. मात्र तो नेहमी 'निर्धार' या शब्दापासून सुरू होतो. त्याच्या आधीचं प्रकृतीचं अर्धं वाक्य कापलेलं असतं. कापणाऱ्याचं मी समजू शकते. जी मुलगी चार वर्षांच्या आत क्षयाने गेली तिने अर्जात प्रकृती ठणठणीत लिहावी, हे टाळ्यांच्या ओघात बसत नाही. पण मला ते अर्धं वाक्य निर्धाराच्या वाक्याहून मोठं वाटतं. निर्धार दाखवायला काही पडत नाही, अर्जात सगळेच निर्धारी असतात. प्रकृतीचं लिहिताना मात्र तिच्या हाताला क्षणभर थांबावंसं वाटलं असेल.

ती खोटं बोलली का? मी यावर बराच विचार केला आहे, गरजेपेक्षा जास्तच. दोन महिन्यांचा समुद्रप्रवास पार पडलेला, जून महिना, रोझेलचं घर, मायेची माणसं. त्या आठवड्यात तिला खरोखर बरं वाटत असेल. कलकत्त्याचा ताप मागे राहिला असं तिला वाटलं असेल तर ते खोटं कसं म्हणायचं? पण असंही आहे की तीन वर्षं पत्रांतून मावशीला दुखणी कळवणारी आणि मावशीची औषधं घेणारी हीच मुलगी होती. मावशीला सांगितलेलं आणि कॉलेजला सांगितलेलं यांत फरक आहे. अर्ज वाचणाऱ्याला काय ऐकायचं आहे ते तिला समजलं होतं. अठराव्या वर्षी, परक्या भाषेत, देशात उतरल्यावर महिन्याभराच्या आत.

आता त्या 'अपवादात्मक आणि जगावेगळी' या शब्दांकडे बघा. गोष्ट जगावेगळी का, हे ती उलगडून सांगत नाही. जातीच्या विरोधाचं तेवढं नाव घेते, कारण तो विरोध निर्धाराचा पुरावा म्हणून कामाला येतो. बाकीचं सगळं त्या दोन शब्दांत दडपलेलं आहे. बाळाचा उल्लेख पत्रात नाही. आपल्या भाषणांत, कादंबरीत, सिनेमात ते बाळ सगळ्याचं मूळ कारण असतं: मूल गेलं म्हणून डॉक्टर व्हायचं ठरलं. तिच्या अर्जात कारण म्हणून उभ्या आहेत त्या पुरुष डॉक्टरपेक्षा मरण बरं म्हणणाऱ्या देशभरच्या बायका. त्यांच्यातच एक चौदा वर्षांची बाळंतीण उभी आहे, पण तिला वेगळं नाव दिलेलं नाही.

आणि नवरा. गोपाळरावांनी तिला शिकवलं, तिच्यासाठी सगळ्या जगाशी भांडण मांडलं, हे खरं. त्या शिकवण्याची पद्धत काय होती हे तिने पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या एका पत्रात आहे. मीरा कोसंबींनी आनंदीबाईच्या पत्रांवर जे काम केलं त्यामुळे ते बऱ्याच जणांपर्यंत पोचलं. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, बाराव्या वर्षी खुर्च्या-पुस्तकं अंगावर फेकणं आणि सोडून जाण्याची धमकी, चौदाव्या वर्षी आणखी विचित्र शिक्षा. ती वयानुसार हिशेब मांडते आणि म्हणते की हे सगळं त्या त्या वयाच्या शरीरा-मनाला फार जास्त होतं. त्याच पत्रात ती असंही म्हणते की तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं कठीण आहे. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. आजच्या भाषेत त्याला लावायला तयार शब्द आहेत आणि ते चूकही नाहीत. पण ज्याने मारलं त्यानेच दार उघडलं, हे एकाच पत्रात लिहिणाऱ्या मुलीपेक्षा आपल्याला जास्त कळतं असं मला वाटत नाही.

समजा आल्फ्रेड जोन्स यांनी तिला साडेसहाशे शब्द दिले असते, 'तुमच्या वाट्याला आलेली अडचण सांगा' म्हणून. काय लिहिलं असतं तिने? आणि काय शिकलात, याचं काय उत्तर दिलं असतं?

माझं आता थोडक्यात सांगते. २०१४ च्या दिवाळीपासून खोकला होता. बारावीचं वर्ष, त्यामुळे खोकला ही किरकोळ बाब. जानेवारीत वजन अडतीस किलोवर आलं तेव्हा एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात माझ्या नावाचा लाल खोका आला. तेव्हा प्रत्येक पेशंटचा पूर्ण कोर्सचा खोका वेगळा असायचा, वर नाव लिहिलेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार तिथे जाऊन ताईंच्या समोर सात गोळ्या गिळायच्या. समोरच गिळायच्या, घरी न्यायच्या नाहीत. लघवी नारिंगी व्हायची आणि दुपारपर्यंत मळमळायचं. बारावीचा फिजिक्सचा पेपर मी तसाच दिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन-तीन आठवडे गोळ्या झाल्या की दुसऱ्याला लागण्याचा धोका जवळपास संपतो, आणि प्रॅक्टिकलपर्यंत तेवढे दिवस झालेही होते. तरी लॅबमध्ये माझ्याबरोबर एकाच टेबलावर असलेल्या मुलीची आठवण अजून येते. तिला मी काही सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. आईचा हुकूम होता. लग्नाच्या मुलीचं असं नाव झालं तर, हे ती बोलून दाखवायची नाही, पण लाल खोक्याची पावती तिने देवघरातल्या पोथीत ठेवली होती, कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

मार्चअखेर थुंकी निगेटिव्ह आली. एप्रिलमध्ये जेईई मेन. त्या वर्षी महाराष्ट्रात इंजिनिअरिंगचे प्रवेश त्या परीक्षेवर आणि बारावीच्या मार्कांवर होते. जूनमध्ये अर्ज भरायला घेतला. लिव्हिंग सर्टिफिकेट, डोमिसाईल, उत्पन्नाचा दाखला, आणि ते वैद्यकीय प्रमाणपत्र. मजकूर छापील होता, डॉक्टरांनी फक्त नाव भरायचं आणि सही करायची. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, पाठ ठोकून बघितली, वजन केलं: चव्वेचाळीस. पेन उघडलं. मी विचारलं, "काका, पण महिनाभर गोळ्या आहेत ना अजून?" ते म्हणाले, "गोळ्यांचं यात कुठे विचारलंय?" आणि सही केली.

गंमत म्हणजे आज पोटासाठी मी असलेच फॉर्म बनवते. कुठल्या रकान्यापुढे लाल चांदणी घालायची, काय भरलं नाही तर पुढे जाऊ द्यायचं नाही, हे लिहिणं माझं काम. माझ्या अनुभवात माणसं खोटी माहिती फारशी भरत नाहीत. विचारलं तेवढंच भरतात. विचारणाऱ्याला वाटतं माहिती पूर्ण आली.

आनंदीबाईचा अर्ज मंजूर झाला. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली होत्या, स्वतः रसायनशास्त्राच्या. त्यांनी तिला घेतलं, शिष्यवृत्तीही मिळाली. त्या मंडळींनी खरंच दया केली, सांभाळून घेतलं. फिलाडेल्फियाची थंडी मात्र कुणाच्या हातात नव्हती. नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. ती शाकाहारीच राहिली. १० ऑक्टोबर १८८५ चा तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल: ती, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबूली, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. माझ्या डेस्कजवळ तो लावलेला आहे. ऑफिसात येणारे विचारतात या तुझ्या कोण. ११ मार्च १८८६ ला तिला एम.डी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. बाळाचा उल्लेख कुठे असलाच तर तो मी त्या विषयाच्या निवडीत शोधते. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

तोवर ती खूप आजारी झाली होती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची प्रमुख म्हणून तिची नेमणूक झाली होती. त्या विभागात तिने एकही रुग्ण तपासला नाही. नोव्हेंबर १८८६ मध्ये ती मुंबईला उतरली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेली. बावीस पूर्ण व्हायला महिना राहिला होता. अस्थी मावशींकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, तिच्या नावाचा दगड आहे.

तारखांशी खेळायची मला सवय आहे. तिने अर्ज लिहिला त्याच्या पंधरा महिने आधी, २४ मार्च १८८२ ला, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. शत्रू कोण ते कळलं होतं, पण त्याला मारायला काही नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन हाती यायला १९४३ उजाडलं. आणि घरी राहून, गोळ्या घेऊन हा रोग सॅनिटोरियममधल्या इतकाच बरा होतो, हे दाखवणारा अभ्यास झाला तो मद्रासला, १९५० च्या दशकाच्या शेवटी. आरोग्य केंद्रातल्या ताईंनी मला समोर गोळ्या गिळायला लावल्या, त्या पद्धतीचं मूळही त्याच मद्रासच्या कामात आहे. म्हणजे तिचा 'प्रकृती चांगली आहे' आणि माझा 'प्रकृती चांगली आहे' यांच्यामध्ये एवढाच फरक: एकशे बत्तीस वर्षं आणि एक लाल खोका. माझा अर्ज खरा ठरला तो माझ्या निर्धाराने नाही. निर्धार तिचा माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होता.

भाचीला मी शेवटी सगळं सांगितलं, नोव्हेंबर लागायच्या दोन दिवस आधी. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मावशी, हे मी वापरू शकत नाही ना? कारण हे माझं नाही." मी म्हटलं, नाही. तिने पुढे आजीच्या विसरभोळेपणावर लिहिलं आणि चांगलं लिहिलं. ती आजी म्हणजे माझी मामी. मामी हल्ली नावं विसरते, हे मला त्या निबंधातूनच कळलं. बहिणीने कधी सांगितलं नव्हतं.

हा लेख पाठवायच्या आधी आईला वाचून दाखवला. ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, मान वर केली नाही. लाल खोक्याच्या परिच्छेदाशी तिचा हात थांबला आणि परत सुरू झाला. वाचून झाल्यावर मी विचारलं, छापू ना? माझ्या नावाने?

"छाप," ती म्हणाली. "पण डॉक्टरांचं नाव घालू नकोस. सही त्यांची आहे."